चैतूचा गोटा

चैतू वारला तेव्हा त्याच्या बायकोनं, सुकरीनं, त्याचे डोळे दान केले. त्यानंच तसं सांगून ठेवलं होतं. दवाखान्याची माणसं येऊन डोळे घेऊन गेली आणि आमच्या गावाला कंठ फुटला.

"बिनडोळ्याचा माणूस पुरख्यांपर्यंत कसा जाईन?" लच्छूभाऊ म्हणाले. ते आमचे गायता, म्हणजे गावचे पुजारी. आमच्यात मेलेल्याच्या नावाचा गोटा कुळाच्या रांगेत उभा करतात. गाव तो उचलून नेतं आणि गायता लावतो. त्याशिवाय माणूस पुरख्यांत, म्हणजे पूर्वजांत, बसत नाही. स्वतःसाठी लच्छूभाऊंनी नदीतला छान उभट गोटा आधीच आणून ठेवला होता. पण चैतूला त्यांनी नाही म्हटलं, आणि आम्ही शेपूट घातली. त्याचा गोटा सुकरीच्या सांदवाडीत, घरामागं, पडून राहिला. तिच्या घरचा भात कोणी खाल्ला नाही. मीही नाही, आणि चैतू माझा लहानपणापासूनचा दोस्त.

मळणीच्या दिवसांत लच्छूभाऊंच्या नातीच्या, नंदिनीच्या, डोळ्यात धानाचं कुसळ गेलं. डोळा पांढरा पडला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि पोरीला दिसू लागलं. "औषधानं झालं," लच्छूभाऊ सांगत. पण नंदिनीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! तिनं विहिरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मले मेलेल्या माणसाचा डोळा लावला."

एकमेकांकडे बघायची आम्हाला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी लच्छूभाऊ मान खाली घालून सुकरीच्या अंगणात गेले. मागं आम्ही.

"माहं चुकलं, सुकरी. चैतूचा गोटा आजच लावतो."

सुकरी मोहफुलं निवडत होती. ती उठली नाही. "नंदिनीले ज्यानं डोळा देला, त्याचा लावला का जी?"

"त्याची जात नाई माहीत, गाव नाई माहीत. कोणत्या कुळात लावू?"

"तुमच्या नातीच्या डोळ्यात राह्यते तो. तुमच्याच घरचा झाला. पहिले त्याले तुमच्या बापाजवळ बसवा. मंग माह्या चैतूले हात लावजा."

लच्छूभाऊ तिथंच रडले. मग घरी जाऊन त्यांनी स्वतःसाठी ठेवलेला गोटा काढला. आम्ही तो नेला आणि त्यांनी तो आपल्या बापाशेजारी लावला.

परत आल्यावर चैतूचा गोटा उचलायला सगळ्यांत आधी मी वाकलो.

"तू मागं राह्य," सुकरी मला म्हणाली. "पहिले नंदिनीले हात लावू दे."

मी मागं सरलो.