भुंगेऱ्याच्या पाठीवरचं तेजोवलय

"काय दिसलं?" तेजोगुरूंनी विचारलं.

"तेजोवलय!" सगळा हॉल ओरडला.

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल एरवी रिकामाच असायचा. आज तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या, भिंतीला टेकून लोक उभे होते, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते जिन्यात उभं राहून आतल्यांना "काय चाललंय, काय चाललंय" असं विचारत होते. समोरच्या पडद्यावर एक डोळा होता. भिंतीएवढा. पापण्यांचे केस झाडूच्या काड्यांएवढे जाड दिसत होते आणि काळ्याभोर बाहुलीवर एक लख्ख पांढरं वर्तुळ चमकत होतं.

"आणि मघाशी, माझा हात डोक्यावर पडण्याआधी, याच बाईंच्या डोळ्यात काय होतं?"

ऑपरेटरने बटण दाबलं. पडद्यावर तोच डोळा, पण वर्तुळाऐवजी एक मळकट चौकोन, त्यात उभ्या रेघा.

"पिंजरा!" तेजोगुरू कडाडले. "संसाराचा पिंजरा! गज मोजून घ्या!"

बायका हळहळल्या. मागच्या रांगेत वहिनीशेजारी बसलेल्या किडेवालीने मान वळवून डावीकडे पाहिलं. तिथे गज असलेली मोठी खिडकी होती. तिने गज मोजले. संसाराचा हिशोब बरोबर जुळला.

तिला किडेवाली म्हणायचं कारण साधं होतं. पिकांवरच्या किडींची तपासणी करणाऱ्या सरकारी लॅबमध्ये ती फोटोग्राफर होती. तांदळाच्या दाण्याहून लहान भुंगेऱ्याचा, त्याच्या पायावरच्या केसासकट, वहीएवढा फोटो काढायचा हे तिचं रोजचं काम. तेजोगुरूंचं यंत्र रेशमी कापडाखाली झाकलेलं होतं, नुसती भिंगाची गोल चकती बाहेर डोकावत होती. पण ज्याने आयुष्यभर भांडी घासली त्याला फडक्याखालचं पातेलं ओळखायला किती वेळ लागणार? खाली कॅमेरा पुढेमागे सरकवायची पट्टी, मध्ये लांबी वाढवणारी नळी, पुढे जवळचं टिपणारं भिंग, आणि भिंगाच्या तोंडाभोवती...

"अगं, ऐक ना," वहिनी कुजबुजली. "आता तुझ्या दादाचा फोटो दाखवतील."

दादाचाच डोळा आला. एक जुना फोटो, त्यात अर्धंच वर्तुळ. दुसरा नवा, त्यात पूर्ण.

"या घड्याळवाल्या भाऊंचं वलय अर्ध्यावर का अडलं होतं?" तेजोगुरूंनी बोट उगारलं. "डोळ्यात औषधाचे थेंब टाकत होते! तेज आणि रसायन एका डोळ्यात नांदत नाहीत. थेंब बंद केले, आणि बघा! वर-खाली दोन बारीक फटी दिसतात ना? ती पापाची आणि पुण्याची दारं. ती उघडीच राहणार."

टाळ्या पडल्या. दादा उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

दादाच्या डोळ्यांतला दाब वाढलेला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हा रोग दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेने खात जातो. गेलेलं थेंबांनी परत येत नाही, फक्त उरलेलं टिकतं. ज्या औषधाचा गुण म्हणजे काहीही न घडणं, त्या औषधावर माणसाचा विश्वास बसणं कठीण. आणि दादाचं पोट डोळ्यांवर होतं. घड्याळातला स्क्रू डोळ्याला दिसला नाही तर हातातलं कौशल्य चुलीत.

त्याच संध्याकाळी ती त्याच्या दुकानात गेली आणि त्याच्यापुढे भुंगेऱ्याचा एक फोटो ठेवला. भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर हुबेहूब तेच वर्तुळ होतं, वर-खाली फटींसकट.

"हे काय?"

"दिवा आहे, दादा. भिंग इतकं जवळ न्यावं लागतं की त्याचीच सावली पडते. म्हणून दिवा भिंगाच्या तोंडाभोवती कड्यासारखा बसवतात. त्याचं प्रतिबिंब चकचकीत गोष्टीत पडतं. हे वर्तुळ दिसू नये म्हणून मी आइस्क्रीमचा पांढरा कप कापून दिव्यावर चढवते. वर्षानुवर्षं ज्याला शिव्या घालतेय, त्याला तुम्ही लोक हात जोडता!"

दादाने फोटो उलटसुलट केला. "म्हणजे किड्यालाही आत्मा असतो," तो म्हणाला.

"दादा!"

"ओरडू नकोस. मी यंत्रांचा माणूस आहे. यंत्र खोटं बोलत नाही. वर्षभर थेंब टाकले, फरक शून्य. इथे थेंब सोडले आणि अर्ध्याचं पूर्ण झालं. पुरावा आहे माझ्याकडे."

वहिनी दाराआड डोळे पुसत होती. किडेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिने फोटो उचलून पिशवीत टाकला. पाया पडून बसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच्या देखत यंत्राकडूनच वदवून घ्यायला हवं होतं.

पुढच्या सत्राला ती लॅबच्या जुन्या ड्रायव्हरला घेऊन आली. निवृत्त झालेला, उंचापुरा, काळा चष्मा लावणारा मिश्कील म्हातारा. सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. काकांनी पुढच्या रांगेत बसून असा काही भक्तिभावाने हुंदका दिला की तेजोगुरूंनी त्यांनाच आधी बोलावलं.

"कुठला डोळा दाखवू, महाराज?"

"कुठलाही. आत्मा दोन्हीकडे सारखाच."

"मग डावा घ्या. त्याचं मला फार वर्षं कोडं आहे."

काकांनी चष्मा काढला, हनुवटी टेकवण्याच्या पट्टीवर हनुवटी ठेवली. पहिला फोटो निघाला, पडद्यावर गजांचा पिंजरा. मग तेजोगुरूंनी डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, घशातून मधमाश्यांसारखा आवाज काढला. लख्ख उजेड पडला.

"घाबरू नका! हा उजेड यंत्राचा नाही. तुमच्याच आत्म्याचा उजेड यंत्रावर आपटून परतला. परदेशात हे सिद्ध झालंय, फक्त दाबून ठेवलंय."

पडद्यावर डोळा आला. पूर्ण वर्तुळ, एकदम झगझगीत.

"अहाहा!" तेजोगुरू मागे सरले. "असा जिवंत डोळा मी आजवर पाहिला नाही! काका, कुठलं औषध चालू आहे का?"

"या डोळ्याला? छे."

"म्हणूनच! निर्मळ! या डोळ्याला मरेपर्यंत काहीही होणार नाही."

"ते खरं आहे, महाराज," काका म्हणाले, "कारण तो प्लास्टिकचा आहे."

आणि त्यांनी सवयीच्या हाताने पापणी ओढून डोळा काढला, रुमालावर ठेवला आणि पहिल्या रांगेला दाखवला.

हॉलमध्ये एक किंकाळी फुटली. कोणीतरी खुर्चीवरून घसरलं. तेजोगुरू आधी रुमालाकडे, मग पडद्याकडे बघू लागले. पण भक्त गुरूहून हुशार असतो. मधल्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "केवढी कृपा! प्लास्टिकलाही तेज दिलं!"

"हो, हो!" तेजोगुरूंना कंठ फुटला. "जडालाही चैतन्य! हेच तर..."

"मग या चमच्यालाही द्या," किडेवाली म्हणाली.

चहाच्या टेबलावरचा स्टीलचा चमचा तिने यंत्रापुढे धरला आणि ऑपरेटरकडे बघून नुसती मान हलवली. बिचाऱ्याने सवयीने बटण दाबलं. चमच्याच्या फुगीर पाठीवर वर्तुळ उमटलं, वर-खाली पाप आणि पुण्य जागच्या जागी.

"डोक्यावर हात नाही, मंत्र नाही. तरी चमचा मुक्त झाला."

पहिल्यांदा एक हसला, मग चारजण. किडेवालीने रेशमी कापड ओढलं. खाली देवाचं काही नव्हतं. कॅमेरा, नळी, भिंग आणि भिंगाभोवती दिव्याचं कडं.

"यात दोन अर्धगोल नळ्या आहेत, डावी आणि उजवी. दोन्हींच्या मध्ये वर-खाली फट राहते, ती तुमची दारं. पहिला फोटो हा दिवा बंद ठेवून काढतात, तेव्हा डोळ्यात खिडकी दिसते. दुसरा दिवा लावून. आणि एकच नळी लावली तर..."

"थांब," दादा म्हणाला.

तो पुढे आला होता. कोणाला न विचारता त्याने खिशातलं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि दिव्याची मागची बाजू निरखली. तिथे एक छोटं बटण होतं. त्याने ते सरकवलं आणि ऑपरेटरला म्हणाला, "दाब."

पडद्यावर चमच्यात अर्धं वर्तुळ आलं. त्याने बटण परत सरकवलं. पूर्ण. पुन्हा सरकवलं. अर्धं.

"चमच्याचे थेंब चालू असतील," काका आपला डोळा बसवत म्हणाले. पण दादा हसला नाही. तो ऑपरेटरकडे वळला.

"माझ्या वेळी हे बटण कोणी सरकवलं?"

ऑपरेटरने तेजोगुरूंकडे पाहिलं. हॉलनेही तिकडेच पाहिलं. तेजोगुरू मात्र मागच्या दाराशी पोचले होते. "अश्रद्धांच्या सहवासात तेज मंदावतं," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी जिना गाठला. जिन्यातले लोक अजून विचारतच होते, "काय चाललंय?" ते कळल्यावर त्यांनी वाट दिली नाही. कोणीतरी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत तेजोगुरू दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे होते, आणि तेजाचं सोडा, चेहऱ्यावर रंगसुद्धा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादा बहिणीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी दाब मोजला, नजरेचा नकाशा काढला आणि मागच्या नकाशाशेजारी ठेवला. डावीकडचा काळा डाग पसरला होता.

"थेंब कधीपासून बंद?"

दादाने सांगितलं. डॉक्टरांनी नकाशातल्या डागावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हे गेलं ते गेलं. आजपासून नियमाने टाकलेत तर बाकीचं बहुतेक सांभाळता येईल."

"परत काहीच नाही येणार?"

"नाही."

बाहेरच्या बाकावर दादाने किडेवालीचा हात घट्ट धरला आणि लहान मुलासारखा रडला. वहिनीने तिथेच थेंबांच्या बाटलीचं झाकण उघडलं.

आता दादा टेबलाच्या डावीकडे स्क्रूची वाटी ठेवत नाही, हात लागून सांडते. पट्टा बदलायला आलेल्या गिऱ्हाइकालाही तो स्वतःहून हे सगळं सांगतो, आणि ऐकणारा हसला तर त्याला राग येतो. त्याचा राग योग्यच आहे. प्लास्टिकच्या डोळ्याची गंमत आपण चार ठिकाणी सांगू, पण तेजोगुरूंनी वर्तुळ दाखवलं म्हणून कोणाचं वाईट झालं नव्हतं, त्यांनी औषध बंद करायला लावलं म्हणून झालं. तेव्हा कोणी कितीही झगझगीत काही दाखवो, डॉक्टरने दिलेलं औषध असल्या माणसाच्या सांगण्यावरून सोडू नका. शंका असेल तर डॉक्टरला विचारा, पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, हवं तर त्याच्याशी भांडा. पण तोवर औषध चालू ठेवा, कारण चूक कळल्यावर गेलेली अब्रू परत कमावता येते, नजर नाही.