भिंगरीची झोप आणि माझी खोळ

मित्रांनो, मी एक जुनं शिवणयंत्र आहे. घरात मला सगळे नुसतं मशीन म्हणतात. अंग काळं, पाय बिडाचे, आणि अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आता शोधावी लागते. माझा जन्म गोंगाटाच्या कारखान्यात झाला. त्यामुळेच की काय, शांतता मला कधी मानवली नाही.

मला या घरात आणलं ते आईने. ज्या शिंप्याकडे मी होतो म्हणा, होते म्हणा, तो दुकान बंद करून लेकाकडे राहायला निघाला होता. आई शाळेचे गणवेश शिवायची, पडदे आणि उशांचे अभ्रेही शिवायची. दर आठवड्याला मला तेल मिळायचं आणि माझी टीप नेहमी सरळ पडायची.

मग घरात एक मुलगी आली. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले. ही भिंगरी थांबायची ती फक्त माझ्या आवाजाला. आई तिला मांडीवर घेऊन पायडल मारायची आणि खटखट ऐकता ऐकता पोरगी मान टाकायची. शेजारणी म्हणायच्या, मशीन असावं तर असं, कपडेही शिवतं आणि पोरही सांभाळतं. हे ऐकून माझं चाक जरा जास्तच जोरात फिरायचं, खोटं कशाला सांगू?

पण भिंगरी मोठी होऊ लागली तशी गंमत संपली. आता ती माझ्याशेजारच्या गादीवर झोपायची, पण माझी खटखट थांबली की टक्क जागी. आई बिचारी दोरा काढून, कापड न लावता नुसतं पायडल मारत बसायची. रात्रीत कितीदा तरी हाच प्रकार. बाबा टेम्पो चालवत. ते म्हणाले, यावर माझ्याकडे उपाय आहे, आणि त्यांनी माझा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. उपाय चालला असताही, पण त्या आवाजाच्या शेवटी आईची हाक भरली गेली होती, ‘अहो, दूध उतू गेलं!’ भिंगरी नेमकी त्या हाकेला उठायची आणि दूध मागायची.

झोप अर्धवट झाली की मूल दिवसभर किरकिर करतं. भिंगरी बालवाडीत चिडायची, चावायची आणि घरी येऊन जेवता जेवता ताटावरच पेंगायची. दुपारी उशिरापर्यंत झोपली की संध्याकाळी पुन्हा टक्क जागी. आईचे डोळे तर कायम तारवटलेले. एका शर्टाला तिने दोन्ही डाव्या बाह्या लावल्या, तेव्हा सगळे हसले. त्यानंतरच्या आठवड्यात पेंगता पेंगता तिचं बोट माझ्या सुईखाली आलं, तेव्हा कोणी हसलं नाही. सुई नखातून आरपार गेली होती. मित्रांनो, ती सुई माझी होती. त्या दिवसाइतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

बोटाची पट्टी पाहायला भिंगरीची आत्या आली. ती पाळणाघर चालवते. तिने संध्याकाळचा सगळा प्रकार बघितला आणि म्हणाली, “वहिनी, डोळा लागताना जे जवळ असतं ना, मधे जाग आली की मूल तेच शोधतं. हिला मशीन सापडत नाही, म्हणून ही रडते.”

“मग करू काय? मशीन बंद केलं की घर डोक्यावर घेते.”

“घेऊ दे थोडे दिवस. तू जवळ बस. पण जागी असतानाच गादीवर ठेव, रोज त्याच वेळेला. दुपारची झोप आटोपती घे. आणि मशीन बंद.”

मशीन बंद! इतकी वर्षं राबून हे ऐकायचं? मला ते फार लागलं.

पहिल्या संध्याकाळी भिंगरी रडली. आई शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवत होती आणि सवयीने आईचा पाय जमिनीवरच पायडल मारत होता. शेवटी भिंगरी उठून माझ्याजवळ आली. चाकावर हात ठेवून तिने विचारलं, “हे का बोलत नाही?”

आई गडबडली. मग तिने माझी कापडी खोळ भिंगरीच्या हातात दिली. “दमलंय ते. त्याला झोपव बघू.”

भिंगरीने ओढूनताणून मला खोळ घातली, तीही उलटी. मग मला थोपटलं. गादीवर पडल्यावरही ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती, पण रडणं थांबलं होतं.

तेव्हापासून तोच क्रम ठरला. दात घासायचे, एक गोष्ट ऐकायची, मला खोळ घालायची, दिवा मालवायचा. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे ताप आला आणि गाडी पुन्हा मूळपदावर गेली. पण आईबाबांनी क्रम सोडला नाही. आई हळूहळू गादीपासून लांब, मग दाराशी बसू लागली. आणि एकदा मी स्वतः बघितलं, भिंगरी मधेच जागी झाली, तिने खोळीकडे पाहिलं, कूस बदलली आणि पुन्हा झोपली. कोणालाच उठावं लागलं नाही. मित्रांनो, मला शांतता आवडली ती तेव्हा.

शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांचा ढीग पडला. भिंगरीचे दात घासून झाले, बाबांनी गोष्टही सांगितली, तरी आई माझ्यासमोरून हलेना. एवढी एकच बाही, असं म्हणत तिने अनेक बाह्या संपवल्या होत्या आणि डोळे पुन्हा मिटायला लागले होते. भिंगरी खोळ हातात धरून उभी राहिली.

“आई, मशीनची झोपायची वेळ झाली,” ती म्हणाली. “तुझीपण.”

आईने भिंगरीकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटावरच्या वणाकडे. तिने सुईतला दोरा तोडला आणि पाय पायडलवरून काढला.

तर मित्रांनो, मला वेळच्या वेळी तेल द्या, तुमच्या घरच्या मशीनलाही द्या. पण त्याआधी रोज वेळेवर झोपा, म्हणजे तुमच्या आईलाही पाठ टेकता येईल. त्या संध्याकाळी भिंगरीने आधी मला खोळ घातली आणि मग आईला पांघरूण घातलं. या वेळी दोन्ही सुलटी होती.