पुलाचे रकाने

लोकशाहीचा चौथा स्तंभ जळगावात केवलचंदशेठच्या डाळमिलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर उभा आहे. खाली मिल सुरू झाली की तो थरथरतो. त्यामुळे आमच्या चॅनेलच्या मुलाखती कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत, पाऊण तासात उरकाव्या लागतात.

गुरुवारचा राजकीय कार्यक्रम कोणी करायचा, हे ठरवायला शेठनी त्या दिवशी दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं दिली. एक कुंदन. तो धुळ्याहून आणलेला, ओरडण्यासाठीच. दुसरी दिपमाला. ती आठ वर्षं शेतीचा कार्यक्रम करत होती आणि एकदा तरी माणसांशी बोलायचंय म्हणून शेठच्या मागे लागली होती. "शेतकरी माणसं नाहीत का?" शेठ म्हणाले. "आहेत, पण केळीबद्दलच बोलतात," ती म्हणाली. हरली तर जन्मभर केळीच, हे शेठनी स्वच्छ सांगितलं होतं.

समोर आमदार पितांबरआबा. विषय नदीवरचा पूल. तो आठ वर्षं होतो आहे.

कुंदनने सुरुवातच टेबलावर मूठ आपटून केली. "जनता विचारतेय, पूल कुठे आहे?" आबा म्हणाले, "जनतेलाच विचारा." मग पंधरा मिनिटं दोघंही एकाच वेळी बोलत होते. काचेपलीकडे आम्ही आवाज कमी करत होतो आणि शेठ खूश होऊन मान डोलावत होते. कॅमेरा बंद होताच कुंदन वाकून आबांच्या पाया पडला.

"आबा, जास्त तर नाही झालं?"

"नहीं रे. तुना आवाज भारी शे. मागल्या खेपेला जरा पडेल होता."

मग दिपमाला बसली. तिच्या हातात शेतीच्या कार्यक्रमाचा छापील फॉर्म होता. वरचा 'केळी' शब्द खोडून तिने 'पूल' लिहिलं होतं. तेवढीच तयारी. शेठनी कपाळाला हात लावला.

"आबा, पाणी घ्या. यंदा तुमची केळी कशी आहे?"

"पस्तीस किलोचा घड पडतो, ताई. नवी रोपं आणली." आबा खुर्चीत सैल झाले.

"छान. आता पुलाचं. लागवड कधी केली?"

"आठ वर्षं झाली. नारळ मीच फोडला."

"एकदा?"

"तीनदा."

तिने 'तीन' लिहिलं. "खांब किती लावले?"

"कागदावर नऊ."

"आणि जागेवर?"

आबा थांबले. दिपमालाही थांबली, पेन रकान्यावर टेकवून. चेहऱ्यावर ना राग ना घाई. आबा त्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिले. आयुष्यभर शेती केलेल्या माणसाला तो तसाच सोडवत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"दोन," आबा म्हणाले. "त्यात एक अर्धा शे."

"पाणी किती वेळा दिलं? म्हणजे निधी."

"चार वेळा."

"चार पाणी, दोन खांब. जमीन मुरमाड आहे का, आबा?"

"जमीन चांगली शे, ताई." आबांचा आवाज आता बांधावर बसल्यासारखा झाला होता. "पाटच मधे फोडेल शे. ठेकेदार मना मेव्हणा शे."

कुंदन दारात तोंड उघडून उभा होता आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी तीस वर्षं बातम्या लिहितोय. विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर आमदाराने दिलेलं तोवर पाहिलं नव्हतं.

"काढणी कधी?"

"आते नहीं व्हनार."

तिने तेही लिहून घेतलं. "शेतकरी बांधवांना काय सांगाल?" हा फॉर्मवरचा शेवटचा रकाना होता, खोडायचा राहिलेला.

आबांनी विचार केला. "रोज शेतात जाऊन पाहा. मी केळी रोज पाहतो. पुलावर गेलो नहीं."

खाली मिल सुरू झाली. भिंत थरथरली. आबा उठताना म्हणाले, "काही चुकलं का, ताई?"

"नाही आबा. सगळे रकाने भरले."

आबा समाधानाने गेले. शेठ उभे होते, आणि त्यांनी हात जोडलेले होते, हे त्यांना स्वतःला बऱ्याच वेळाने कळलं. "एक शब्द कापायचा नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी हे वाक्यही आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. दोन्ही मुलाखती गुरुवारी संध्याकाळी सात वाजता जशाच्या तशा दाखवल्या. लोक काय म्हणतात ते बघून निकाल लावू, असं ठरलं.

शुक्रवारी एकशे त्रेचाळीस फोन आले. दोघांनी कुंदन पुन्हा कधी दिसणार ते विचारलं. बाकी एकशे एकेचाळीस जणांना आबांनी केळीची रोपं कुठून आणली, ते हवं होतं. गुरुवार कुंदनला मिळाला.