जोड कुठं घ्यायचा

रूपराव मिस्त्रीनं सागवानाची शेवटची फळी चौकटीत ठेवून पाहिली, उचलली आणि गुडघ्यांवरच मागे सरकून विचारलं,

"जोड कुठं घेऊ, ताई?"

मोनाली भिंतीला टेकून उभी होती. रविवार होता, म्हणजे ऑफिसाऐवजी घर होतं. सकाळपासून तिनं चार वेळा चहा केला होता आणि स्वतःचा एकदाही गरम प्यायली नव्हती.

रूपरावनं पुन्हा समजावलं. सासूच्या खोलीत लाकूड, बाहेर हॉलमध्ये टाइल. लाकूड पावसाळ्यात फुगतं, म्हणून मध्ये बोटभर फट सोडायची आणि वर पट्टी बसवायची. दार असलं तर पट्टी बंद दाराच्या बरोबर खाली घ्यायची. आतल्याला बाहेरची टाइल दिसत नाही, बाहेरच्याला आतलं लाकूड. दार नसलं तर फळी पुढं आणून चौकटीच्या बाहेरच्या कडेला संपवायची. एकदा कापलं की कापलं.

चौकटीला दार नव्हतं. चार वर्षांपूर्वी सासूबाई, तानाबाई, आतून कडी लावून झोपल्या आणि आतच पडल्या. दार फोडावं लागलं. तेव्हापासून तिथं पडदा होता आणि मोनाली हॉलमधल्या दिवाणावर झोपत होती. झोपत होती म्हणजे आडवी होत होती. लाकडाची कल्पना तिच्या नवऱ्याची, धीरजची. लाकडावर पडलं तर लागत नाही, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. "म्हंजे आता पडाले मोकळी," तानाबाई म्हणाल्या होत्या. काम सुरू झाल्यावर धीरज एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघून गेला.

आणि तानाबाईंनी दाराचा हट्ट धरला होता. आठवडाभर मोनाली नाही म्हणत होती. आज सकाळी जरा जोरातच म्हणाली, तशा त्या काठी घेऊन अंगणात उन्हात जाऊन बसल्या.

"दार नको," मोनाली म्हणाली. "बाहेरच्या कडेला घ्या."

रूपरावनं पेन्सिल कानावरून काढली, पण रेघ मारली नाही.

"तुमी चहा ठेवाले गेलत्या, तवा माय मले सांगून राह्यली होती," तो फळीकडे पाहत म्हणाला. "म्हणे, मी नुसती कूस बदलली का सून उठून येते. चार सालात सलग झोपली नाई. दार बसवून दे, बाबू, कडी नको लावू. तिले आवाज नाई गेला म्हंजे झालं."

मोनाली खोलीत गेली. पलंग बाहेर काढल्यामुळे खोली मोठी दिसत होती. ती खाली बसली, फळ्यांवरून तळहात फिरवत राहिली.

"दाराखाली घ्या," ती म्हणाली. नंतर भुसा लागेल याचा विचार न करता ओढणी डोक्याखाली घेऊन आडवी झाली.

रूपरावनं माप घेतलं, रेघ मारली, कापायच्या मशीनची पिन खोचली. तेवढ्यात अंगणातून तानाबाई आल्या. काठी काखेत धरली होती आणि एका हातानं भिंत. त्यांनी आत पाहिलं, मग हात आडवा केला.

"माय, पाचले दुसरं काम हाये मले," तो कुजबुजला.

"असू दे. बस."

त्यानं पिन काढली आणि टाइलवर फतकल मारून बसला. तानाबाईंना प्लास्टिकची खुर्ची न घासता उचलता येईना, तेव्हा त्यांनी ती त्यालाच उचलून चौकटीत ठेवायला लावली. खोलीकडे पाठ करून त्या तिथं बसल्या.

बऱ्याच वेळानं फाटक वाजलं. धीरज आला, पेढ्यांचा डबा हातात, चपला काढत काढतच.

"मोनाली, पाणी आण गं."

तानाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"माठात हाये," त्या हळूच म्हणाल्या. "घे जाऊन."