कातड्यातलं ऊन

रंभाबाईंना थंडी वाजत नाही, ही गोष्ट नागपूरजवळच्या बेसा गावातल्या त्या घरात कुणी कधी तपासून पाहिली नव्हती. कशाला पाहतील? पस्तीस वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन आल्या, तेव्हाच सासूने निकाल देऊन टाकला होता. घरच्या कापसाच्या रजया भरून आल्या, गोऱ्यागोमट्या मंडळींना एकेक वाटून झाली, आणि या काळ्याभोर सुनेच्या हाती आली एक पातळ चादर. "हिच्या बापजाद्यांनी उन्हातच जन्म काढला. हिले कायची थंडी?" झालं!

दुसरी एखादी रडली असती. रंभाबाईंनी त्या चादरीचा मानच करून घेतला. नागपूरचा पारा सात-आठवर उतरला, की घरचे शेकोटीला चिकटायचे आणि या बाई पदर खोचून अंगणात सडा घालायच्या. शेजारणी तोंडात बोट घालायच्या. त्याचंही सुख असतं हो!

शिवाय रोज पहाटे एक स्वप्न पडायचं. काटोलकडचं माहेरचं शेत, बोंडं फुटून पांढरं झालेलं, आणि वर ऊन. कापसाला हात लावला तरी ऊब लागायची. मधोमध बाप उभा, काळा, हसरा, हाक मारणारा. जाग यायची तेव्हा पाय पोटाशी असायचे आणि मुठी आवळलेल्या. त्याचा अर्थ काही त्यांनी कधी लावला नाही.

धाकट्या जावेची, वंदनाची, नऊ वर्षांची रितिका त्यांच्याच रंगाची. रक्ताचं नातं नाही, रंग मात्र हुबेहूब. शाळेत पोरी 'कोळसा' म्हणाल्या म्हणून ती रडत आली, तेव्हा रंभाबाईंनी तिला कुशीत ओढलं. "रडून काहून राहिली वं? आपल्या कातड्यात ऊन साठलं आहे. त्या गोऱ्या पोरी स्वेटर घालून काकडतात. आपल्याले थंडी वाजतच नाही."

पोरीने डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून स्वेटर सोडला. वंदना ओरडून ओरडून थकली. "मोठी आई घालते का?" हे एकच उत्तर.

जानेवारीत एकदा ती हट्टाने मोठ्या आईच्या चादरीत निजली. मोठ्या आईने तिला आपलं स्वप्न सांगितलं होतं; तिलाही ते शेतातलं ऊन पाहायचं होतं.

पहाटे रंभाबाई स्वप्नातल्या शेतात पोचल्या. बापाशेजारी आज रितिका उभी होती, आणि एवढ्या उन्हात पोरीचे दात कडकड वाजत होते. आवाज काही थांबेना. डोळे उघडले, तर तो खराच! पोर मुटकुळं करून पडली होती. ओठ निळे, पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या.

"थंडी वाजून राहिली काय वं?"

"नाही... थोडीशीच." आणि तिला रडूच फुटलं. "मले ऊन दिसलंच नाही, मोठी आई. माह्या कातड्यात ऊन नाही. मी नुसतीच काळी आहे."

रंभाबाईंनी त्या चिमुकल्या मुठी पाहिल्या, मग स्वतःच्या. खरं बोलावं, तर पस्तीस हिवाळे गारठून काढले हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं. या घरात तेवढा एकच तर मान मिळाला होता! पण पोर थरथरत होती.

त्यांनी तिचा हात धरला आणि जाऊन वंदनाचं दार वाजवलं. वंदना घाबरून बाहेर आली. "काय झालं, जाऊबाई?"

"एक रजई दे वं. मोठी दे, आम्ही दोघीजणी आहोत." मग त्या पोरीकडे पाहत म्हणाल्या, "तुह्या कातड्यात काही कमी नाही. मलेही थंडी वाजते."

वंदना बघतच राहिली. "कधीपासून?"

"लग्न झालं तवापासून," रंभाबाई म्हणाल्या, आणि रजईसाठी त्यांनी हात पुढे केले.

रजईत दोघींना लगेच झोप लागली. त्या सकाळी स्वप्न पडलं नाही. खिडकीतून ऊन अंथरुणावर आलं, तरी रंभाबाई पाय लांब पसरून झोपल्या होत्या.