चौदावा नियम

एका पोरीवर दोन वर्षांची बंदी घालून भूषणला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. तीन हंगामांचा करार. जळगावच्या एका पाइपवाल्या शेठचं नाव स्पर्धेच्या प्रत्येक फलकावर, आणि त्या नावामागोमाग येणारा पैसा भूषणच्या खात्यावर. शेठचा धुळ्याचा भाचा शेवटच्या चारांत, म्हणजे शेठही खूश. एवढ्यासाठी माणसं याहून वाईट कामं करतात. भूषणने फक्त एक ईमेल केला.

भूषण भरवायचा ती स्पर्धा मोबाइलवरच्या गेमची, एकास एक. खेळाडू आपापल्या घरून खेळायचे. लबाडी होऊ नये म्हणून प्रत्येकाने घरातला दुसरा फोन उभा करून त्याच्या कॅमेऱ्यात आपले हात दाखवायचे. चेहरा नको, हात हवेत. त्या हातांच्या चौकटी आयोजकांच्या पडद्यावर दिसायच्या.

शिंदखेड्याच्या सरिताने शेठच्या भाच्याला हरवलं तो श्रावणातल्या कानबाईच्या सणाचा, रोटांचा रविवार होता. भाच्याने रेकॉर्डिंग मागून पाहिलं आणि तक्रार ठोकली, की हे हात तिचे नव्हेत, तिच्या जागी दुसरीच कोणी खेळली. आधीच्या सामन्यात हात मोकळे होते. या वेळी मनगटभर हिरव्या बांगड्या, नखांत कणीक, बोटं हळदीने पिवळी. खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल, की त्या दिवशी घराघरांतल्या बायकांचे हात असेच असतात. भूषणच्या आईचेही होते. त्याच हातांनी तिने सकाळी त्याला चहा दिला होता.

"भाऊ, कणीक शे ती," नवल म्हणाला. पडदे आणि तारा सांभाळायचं काम नवलकडे होतं.

"दिसतंय मला."

"मग?"

"हात जुळत नाहीत. नियम तो नियम."

"शेठशी जुळलं की झालं."

बंदीचा ईमेल गेला. पुण्याचा एक संघ शेवटच्या चारांतल्या खेळाडूंना निवडीसाठी बोलावणार होता. सरिताचं तेवढं दार बंद झालं, बाकी काही नाही.

पुढच्या रविवारी चारच्या ठोक्याला पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सरिताच्या नावाची एक चौकट उघडली. फुलाफुलांचं मेणकापड, त्यावर पालथे ठेवलेले दोन हात. हातांत फोन नाही, काही नाही. नवलने चौकट काढून टाकली. ती परत आली. सामना संपेपर्यंत हात तसेच होते, मग गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. हात काही करत नसत, हेच वाईट होतं. शिवी दिली असती, मूठ दाखवली असती, तर भूषणने आणखी एक वर्ष वाढवून निवांत चहा घेतला असता. हळूहळू आई ताटात भाकरी वाढताना त्याला तिच्या हातांकडे बघवेना. रिक्षावाल्याने सुटे पैसे पुढे केले तर तो म्हणे, राहू द्या. चार वाजायला आले की त्याच्याच पंज्यांना मुंग्या येत.

पाचव्या रविवारी नवलने नियमावली उघडली आणि वाचून दाखवली. "नियम चौदा. निर्णय मान्य नसलेल्या खेळाडूने सामन्याच्या दिवशी व वेळी हात कॅमेऱ्यासमोर ठेवून सुनावणीची वाट पाहावी. निकाल मिळेपर्यंत हजेरी चुकल्यास दाद मागण्याचा हक्क जाईल."

"असं लिहिलंय आपण?"

"आपण नाही, तुम्ही. परदेशी नियमावली फोनकडून मराठीत करून घेतलीत ना. फोनने वाचली, तुम्ही नाही."

सुनावणी घ्यायची म्हणजे कणकेला कणीक म्हणायचं, आणि मग करार गेला. लिंक बदलली असती तर भागलं असतं. नवलने तीनदा सुचवलंही. पण हात दिसले नाहीत म्हणून ते टेबलावरून उठले असं थोडंच होतं, आणि ते भूषणला समजत होतं.

आठव्या रविवारी तो अंतिम सामन्याचं सभागृह बघायला धुळ्याला गेला आणि तिथून गाडी शिंदखेड्याकडे वळवली. पोरीला समजावून उठवावं, एवढाच हिशेब. चार वाजून गेले होते. दार उघडंच होतं. मेणकापडाच्या टेबलाशी, डब्याला टेकवलेल्या फोनसमोर, हात पालथे ठेवून एक पन्नाशीची बाई बसली होती.

"मी भूषण. जळगावहून, स्पर्धेचा. सरिता?"

"मी तिनी माय, यशोदाबाई. पोर सुरतले गई, मावशीकडे. साड्यांच्या घड्या घालस," ती म्हणाली. हात हलवले नाहीत. "तीन हप्ता व्हयनात."

"मग आजचा धरून तीन रविवार..."

"मीच बठस. कागदवर लिखेल शे, निकाल लागेपर्यंत हात दखाडाना. हक्क जाई म्हने."

भूषणने त्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं सुजलेली, एका अंगठ्याचं नख अर्धं, कातडी वीस वर्षांची कुठूनच नाही. मागचे दोन रविवार तो पडद्यावर याच हातांकडे बघत होता.

"तुम्ही ते हातवरथीन माणूस वळखतस ना, भाऊ?" यशोदाबाईने शांतपणे विचारलं. "वळखात नहीं का?"

भूषण उंबऱ्यातच चपला काढू लागला.

"निकाल काय शे तो सांगी द्या. मंग मी उठस. चुलावर दाय शे."

"अक्का, तुमच्या पोरीने काही केलं नाही. तेच हात होते."

"मंग तसा कागद द्या."

भूषणने खिशावर हात ठेवला. पेन होतं. करारही होता, शेठची सही झालेला, गाडीत.

"कागद पाठवतो," तो म्हणाला.

"मंग तोवर बठस," ती म्हणाली आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे बघू लागली. आतून डाळ लागल्याचा वास आला. ती उठली नाही.

कागद गेला नाही. पुढचा रविवार यायच्या आत अंतिम सामना झाला, भाचा जिंकला, लिंक बंद पडली. भूषण अजून रविवारी चारला रिकाम्या पडद्यासमोर बसतो. नवलने विचारलं तर म्हणतो, काम आहे.

तर जमाखर्च असा. शेठला नाव मिळालं, भाच्याला चषक, भूषणला तीन हंगाम. भरलं ते असं: सरिताने पाच रविवार आणि पुणं, यशोदाबाईने तीन रविवार आणि एक पातेलं डाळ. भूषणचे रविवार अजून चालू आहेत.