तिखट अर्धी

दाढेचं टोक तुटलं होतं आणि जिभेला घासत होतं. मी म्हणाले, माझी जीभ सासूला पुरून उरली, दाढ काय करणार तिला? दाढेनं करून दाखवलं. कडेला चट्टा आला, चट्ट्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी अर्धी जीभ काढली आणि तिथं माझ्याच मनगटाची कातडी शिवली. मानेतल्या गाठीही काढल्या.

शुद्धीवर आले तेव्हा घशाला भोक, नाकात नळी, हाताला पट्टी. डोळे मिटून पडले होते. माझी नणंद आमच्या ह्यांना म्हणाली, “दादा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण देवानं बरोबर जागा बघून कात्री चालवली.” आणि हसली. हेही हसले. ह्यांचं मी घरी गेल्यावर बघणार होते, आणि बघितलं. पण नणंदेला द्यायचं उत्तर तिथंच, पलंगावर, माझ्या डोक्यात तयार झालं. फक्त ते बोलायला तोंडात काही शिल्लक आहे की नाही, ते कुणाला माहीत नव्हतं.

आमची लॉन्ड्री आहे. पुढं काउंटर, मागं बॉयलर आणि इस्त्रीची टेबलं. बॉयलर चालू असला की मागं साधं बोललेलं ऐकू जात नाही. म्हणून सासूबाईंपासूनची रीत अशी, की काउंटरवरच्या बाईनं पोटातून हाक मारायची आणि मागच्यांनी इस्त्री टेबलावर दोनदा आपटून ‘ऐकलं’ म्हणून सांगायचं. मी म्हणायचे, “हॉटेलच्या चादरी आधी!” मागून धप धप. माझा सगळा संसार त्या दोन आवाजांवर चालला.

मी दवाखान्यात गेले आणि नणंद “मदतीला” म्हणून माझ्या खुर्चीत बसली. बसली ती बसलीच. काउंटरवर तिनं एक घंटी आणून ठेवली, डोक्यावर टपली मारली की टिंग वाजणारी. म्हणे, आता आरडाओरड्याची गरज नाही.

ही बातमी मला वाफोबानं दिली. वाफोबा आमचा सगळ्यात जुना इस्त्रीवाला, जन्म वाफेत गेला म्हणून हे नाव. पलंगाच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा राहायचा. “मालकीणबाई, घंटी वाजते म्हणतात. आम्हाला ऐकू येत नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “आली तरी येणार नाही.”

घशाचं भोक मिटल्यावर बोलायला शिकवणारी मुलगी यायला लागली. तिच्याकडे एक आरसा होता आणि दोन गावांना पुरेल एवढा धीर. म्हणाली, “आजी, आधी सोपे शब्द. पापा. मामा. बाबा.”

मी पाटीवर लिहिलं, “माझे बाबा कधीच गेले. कुणाला हाक मारू?” माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण तिला लागलं. हसली. मग मी माझं वाक्य लिहिलं, घंटीच्या बाईसाठी तयार केलेलं.

तिनं ते दोनदा वाचलं. “हे कुणाला म्हणायचंय?”

मी खाली घंटी काढली. माझी सून शेजारी उभी होती, ती तोंडावर पदर धरून खिडकीकडे वळली.

“आजी, यातला ‘ट’ तुम्हाला फार जड जाणार. जिभेचं टोक वर लागत नाही. दुसरा शब्द घेऊ या का?”

मी पाटी पुसली आणि ‘तिखट’ एवढंच लिहिलं, आधीपेक्षा मोठं.

सुनेला मी कधी सरळ बोलले नाही, पुढंही बोलेन असं नाही. पण खरं ते खरं. नळीतून दूध तिनं घातलं, लाळ तिनं पुसली, माझ्या तोंडातून निघणारं पहिलं गबाळं तिला कळलं. मी “आ” म्हटलं तर कुठला “आ” आहे ते ओळखायची. तिच्या आईनं तिला काही शिकवलं नाही असं मी लग्नात म्हणाले होते. हे बहुधा ती स्वतःच शिकली.

एक दिवस पाणी वाट चुकलं. खोकून खोकून टाके तुटतात की काय असं झालं, नाकातोंडातून सगळं बाहेर. मी पाटी भिंतीवर मारली. पुरे झालं, बसू दे तिला खुर्चीत, असं मनात आलं. सुनेनं पाटीचा मोठा तुकडा उचलला, त्यावर घंटी काढली आणि माझ्यासमोर आरशाला टेकवून ठेवली.

मी पुन्हा ‘ट’ला लागले.

घरी आले, नळी निघाली, दुकानात जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायला लागले. तिथं एक गंमत कळली. बाई मुकी झाली की ती बहिरीही झाली असं लोक धरून चालतात. नणंद मला विचारायची, “व-हि-नी, च-हा-आ?” आणि लगेच माझ्यासमोरच लेकाला फोन लावायची. “हॉटेलचा मॅनेजर आला की सांगते, वहिनींच्यानं होत नाही. चादरी तुझ्या लॉन्ड्रीकडे वळवते. अरे, ही काय सांगणार कुणाला? बसलीय ओंडक्यासारखी.”

ओंडक्याला तोवर बोलता येत होतं. गोधडीतून बोलल्यासारखं, पण येत होतं. घरात हे फक्त सुनेला माहीत होतं.

“आई, आता बोला की,” ती कुजबुजली.

“थांब,” मी म्हणाले. “मॅनेजर येऊ दे.”

मॅनेजर आला. नणंदेनं चेहरा पाडला. “बिचाऱ्या वहिनी. त्यांनीच मान हलवून सांगितलं हो, काम माझ्या मुलाकडे द्या.”

मॅनेजर माझ्याकडे वळला. “हो का, मावशी?”

मी उठले. त्याला उत्तर दिलं नाही. मागच्या दाराकडे तोंड केलं आणि हाक मारली, “चादरी आणा!”

बॉयलर चालू होता. मागून काही नाही.

नणंद आधी दचकली, मग तिच्या ओठाचा कोपरा वर गेला. मी मानेच्या टाक्यांवर हात दाबला, पोट आत ओढलं आणि परत हाक दिली. या वेळी लाळ उडाली, ‘च’चा ‘श’ झाला, होऊ दे.

धप धप.

मग दुसऱ्या टेबलावरून. मग तिसऱ्या. मागं काय चाललंय ते न कळून मॅनेजर जागचा हलला. वाफोबा चादरींचा गठ्ठा डोक्यावर घेऊन दारात आला आणि नणंदेकडे न बघता माझ्या पायाशी ठेवून गेला.

तेव्हा मी वळले. “वन्सं, देवानं गोड अर्धी नेली. तिखट अर्धी ठेवलीय.”

“काय म्हणाल्या?” मॅनेजरनं विचारलं.

“काही नाही,” नणंद म्हणाली.

“मी सांगते ना,” सून पुढं आली आणि शब्द न् शब्द सांगितलं, खणखणीत. तिखटाला तिनं माझ्यापेक्षा जास्त तिखट लावलं. पोर तयार होतेय. फोनवर झालेलं बोलणंही सांगितलं, तेही न विचारता.

“दादा, बघ ही काय बोलते!”

हे टॉवेलच्या घड्या घालत होते. मान वर न करता म्हणाले, “ऐकलं. स्पष्ट बोलली. खुर्ची सोड.”

घंटी मी तिच्या हातात दिली, लेकाच्या दुकानासाठी. चादरी आमच्याकडेच राहिल्या.

लोक म्हणतात, झालं गेलं सोडा, तुमच्या आजारपणात तीही धावली. धावली, खुर्चीपर्यंत.

आता अधूनमधून येते, काही झालंच नाही अशी. मी तिला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवते, तिच्या तोंडाजवळ वाकते आणि एकेक अक्षर सुटं करून विचारते, “व-न्सं, च-हा-आ?” गिऱ्हाइकांना वाटतं, बिचारीला बोलताना किती त्रास होतो. चादरीच्या आड सून हसत असते.